अहमदाबादच्या पोळांतून

अहमदाबादेस येणारा प्रवासी झुलते मनोरे पाहतो, साबरमतीचा आश्रम पाहतो आणि परतीची गाडी धरतो. जुने शहर मात्र पोळांत वसले आहे. तेथे पायीच हिंडावे लागते. पोळ म्हणजे एका दरवाजाआडची वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद, की ऐन वैशाखातही सावली सुटत नाही. चौकात खांबावर पाखरांना दाणे टाकण्याचा नक्षीदार ‘चबुतरो’ उभा असतो. सर्वांत नवलाची वस्तू मात्र वाटसरूस दिसतच नाही. ती म्हणजे घराच्या चौकाखालचे ‘टांके’. छपरावरील पावसाचे पाणी पन्हळीने त्यात उतरे आणि अंधारात झाकलेले राहून उन्हाळ्यापर्यंत पुरे. घरोघरी नळ आले, तशी पुष्कळ टांकी विस्मरणात गेली.

१९९७ पासून महानगरपालिकेच्या वतीने काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून १४२४ च्या जामा मशिदीपर्यंत पदयात्रा निघू लागली. २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. तो मिळवणारे भारतातील हे पहिलेच शहर. मान मिळाला खरा. पण कुटुंबे नदीपलीकडे राहावयास जातात, घरांना कुलपे लागतात, आणि कोरीव सागवानी खांब जुन्या सामानाच्या बाजारात विक्रीस येतात.