‘ठेवू की टाकू’ नव्हे, ‘कोणाला देऊ?’

आमच्या डोंबिवलीच्या घरात दिवाळीआधी माळा काढला की ठरलेला वाद होतो. मिक्सरचं रिकामं खोकं, धुऊन ठेवलेले श्रीखंडाचे डबे, नावं घातलेली आहेराची भांडी, कडी निखळलेला पितळी बंब. मी म्हणते, ‘काढू या.’ हे म्हणतात, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ बंबाचा तर विषयच नको, तो सासूबाईंच्या माहेरचा!

याला आपण सरसकट हावरेपणा म्हणतो, पण गोष्ट वेगळी आहे. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तेच, पण ज्यांच्या हातात ते होते त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. वस्तू ‘माझी’ झाली की तिचा भाव मनात चढतो, कारण मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. काही मिनिटांच्या मालकीची ही कथा, मग तीन पिढ्यांच्या बंबाचं काय!

पसाऱ्याची किंमतही असते, आणि ती बहुधा बाई मोजते. लॉस एंजेलिसमधल्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला. घर दाखवताना ज्या बायका पसारा आणि अर्धवट कामांबद्दल बोलल्या, त्यांच्या शरीरात ताणाशी निगडित कॉर्टिसॉल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. पाहुणे आले की पसाऱ्याचा जाब कोणाला द्यावा लागतो?

आमच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिच्या दारात बोहारीण यायची. जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं. तासभर घासाघीस व्हायची. साडी ‘गेली’ असं वाटायचंच नाही, कारण घेणारी समोर बसलेली असायची. आज कचऱ्याची काळी पिशवी पाहिली की हात अडतो, तो वस्तू वाया जाईल म्हणून.

आठवणींच्या वस्तूंनाही उपाय आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थी वसतिगृहांत २०१७ च्या एका अभ्यासासाठी सूचना लावल्या होत्या: आधी फोटो काढा, मग वस्तू दान करा. नुसत्या ‘दान करा’ या सूचनेपेक्षा तिथे जास्त वस्तू जमल्या. आठवण फोटोत राहिली की वस्तू सुटते.

मात्र घरात चालायला वाट उरली नसेल आणि रद्दीचा कागदही टाकताना जीव कासावीस होत असेल, तर तो आळस नव्हे. अतिसंचयाच्या या विकाराची २०१३ पासून मानसोपचारात स्वतंत्र नोंद आहे. तिथे टोमणे नकोत, डॉक्टर हवेत.

बाकीच्यांनी यंदा माळ्यावर चढण्याआधी घेणाऱ्यांची यादी करावी. स्वयंपाकाच्या मावशी, गावची शाळा, वाचनालय, भंगारवाला. नाव ठरलं की वस्तू निघते.