विसरलेले आठवावे कसे?

उतारवयात प्रसंग आठवतो, पण साल आठवत नाही. ओवीची चाल ओठांवर येते, पण शब्द सापडत नाहीत. पूर्वी अशा वेळी गल्लीतील जाणत्या आजोबांना विचारावे लागे, नाहीतर वाचनालय गाठावे लागे. आता नातवंडे मोबाईल पुढे करतात. आंतरजाल हे साधन चांगले खरे. पण ते वापरण्याची रीत ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, यंत्राला खुणा द्याव्यात. ‘ते अधिवेशन केव्हा झाले?’ एवढ्यावर त्याला बोध होत नाही. ‘बेळगाव, काँग्रेस, गांधीजी’ असे आठवतील ते शब्द लिहावेत. मग उत्तर मिळते : डिसेंबर 1924. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले काँग्रेसचे हे एकमेव अधिवेशन. घरात कोणी 1923 म्हणत असेल, कोणी 1925, तर तो वाद तेथेच मिटतो.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागापुरती फार महत्त्वाची. आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी मुंबई राज्यात होता. पुढे तो म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचे नाव 1973 साली कर्नाटक झाले. शहराचे सरकारी नाव 2014 पासून बेळगावी आहे. म्हणून जुनी माहिती केवळ आजच्या नावाने शोधली, तर हाती लागेलच असे नाही. 1884 चे बेळगाव गॅझेटियर मुंबई इलाख्याच्या मालेतील एकविसावा खंड म्हणून सापडते. निपाणीचे नाव इंग्रजीत कोणी एका ‘पी’ने लिहितो, कोणी दोन ‘पीं’नी. दोन्ही प्रकारे शोधावे. कानडी जाणणारा शेजारी असल्यास त्याचीही मदत घ्यावी.

तिसरी गोष्ट शब्दांची. आजीच्या तोंडचा एखादा शब्द अडला, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आता घरबसल्या चाळता येतो. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. शिकागो विद्यापीठाने तो आंतरजालावर ठेवला आहे. जात्यावरच्या ओव्यांचे तर भांडारच तेथे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

मात्र सावधगिरी हवी. अलीकडे यंत्रे स्वतःच उत्तर रचून देतात. भाषा सफाईदार असते, तरी साल किंवा नाव चुकीचे असू शकते. तेव्हा मूळ पानाचे छायाचित्र पाहावे, आणि दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहिल्यावाचून वहीत उतरवू नये.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. त्या ओव्या आज सापडतात, त्या कोणीतरी दारोदार जाऊन लिहून घेतल्या म्हणून. जे कोणी लिहिलेच नाही, ते कोणतेही यंत्र आठवून देणार नाही. आपल्या वाड्यातील आड कोणी खणला, तंबाखूच्या वखारीत काम करताना आया-मावश्या काय गात, हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक. त्यांच्याजवळ अर्धा तास बसावे. त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. सोबत नाव, गाव आणि तारीख लिहावी. एक प्रत घरी व एक संस्थेच्या दप्तरी ठेवावी. हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.