पायावरची पांढरी रेघ : कोरड्या त्वचेविषयी थोडे

दिवाळी सरते, पहाटेच्या हवेत गारठा येतो आणि छावणीकडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर धूळ उडू लागते. याच सुमारास पडेगाव परिसरातील घराघरांत एक ओळखीची तक्रार ऐकू येते. ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, कोपर आणि गुडघे राख फासल्यासारखे पांढरट दिसतात. पिंडरीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटते. शाळकरी मुले तर अशा रेघांनी पायावर आपले नावही लिहितात. नाताळच्या मिस्सेला वेदीसेवकांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या मुलाचे असे पाय पाहून आई ओशाळते आणि दुसऱ्या दिवशी कढत पाणी, साबण व वजरी घेऊन ते खसाखसा घासते. पाय तासभर स्वच्छ दिसतात. संध्याकाळपर्यंत ती राख पुन्हा उमटते, आणि या वेळी आगही होते.

ही राख म्हणजे मळ नव्हे, हे प्रथम सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण बहुतेक चुकीचे उपाय मळाच्या समजुतीतूनच जन्माला येतात.

त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत पेशींचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. हा चुना शाबूत असेल तर शरीरातील ओलावा आत राहतो आणि जुन्या पेशी रोज न दिसता, एकेक करून गळून पडतात. चुना धुऊन गेला की पाणी उडून जाते. पेशी सुट्या होण्याचे काम ज्या रसायनांकडे असते त्यांनाही ओलावा लागतो. तो नसल्यामुळे पेशी एकेकट्या न गळता पापुद्र्यांच्या रूपाने अर्धवट उचलल्या जातात. या पापुद्र्यांवर पडलेला प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. गोऱ्या कातडीवरही हेच पापुद्रे असतात, पण ते उठून दिसत नाहीत. सावळ्या व काळ्या वर्णावर ते स्पष्ट दिसतात, एवढाच काय तो फरक. अशा मुलाला वर्गात 'अंघोळ करून ये' असे सुनावले जाते, तेव्हा त्याच्यावर अन्यायच होतो. तो बहुधा प्रमाणाबाहेर अंघोळ करून आलेला असतो!

आपल्या भागात या त्रासाला हवा आणि पाणी दोन्ही हातभार लावतात. मराठवाडा समुद्रापासून दूर, पठारावर वसलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या आसपास उतरते आणि हवेत बाष्प फारच थोडे उरते. छत्रपती संभाजीनगर शहराला जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी मिळत असले तरी नळाला पाणी येण्यात दिवसांचे अंतर पडते, हा येथील जुना अनुभव आहे. मग अंघोळीला बोअरवेलचे पाणी वापरले जाते. ते बहुधा जड असते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हटले आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात आणि तो अंगावरच राहतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी लावतो. त्यात बंबाचे कढत पाणी! चुना धुऊन टाकण्याची याहून चांगली व्यवस्था कोणी केली नसती.

म्हणून उपचाराची सुरुवात औषधाच्या दुकानात न होता न्हाणीघरात होते. पाणी कोमट असावे, अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी, साबण काखा, जांघा, पावले अशा गरजेच्या जागीच लावावा. वजरी व काथ्या हिवाळाभर बाजूला ठेवावेत. अंग टॉवेलने टिपावे, रगडू नये, आणि त्वचा दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, त्यावर स्निग्ध पदार्थ लावावा. तेल किंवा व्हॅसलिन स्वतः ओलावा देत नाही. असलेला ओलावा कोंडून ठेवते. कोरड्याठाक कातडीवर दुपारी चोळलेल्या तेलाचा गुण येत नाही तो याचमुळे.

कोणते तेल, हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. खोबरेल उत्तम. सूर्यफुलाच्या आणि आपल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि त्वचेचा चुना घडण्यास ते उपयोगी पडते. मोहरीचे तेल नाजूक त्वचेस झोंबते. ऑलिव्ह तेलाचे नाव मोठे असले तरी ते त्वचेच्या भिंतीला फारसे मानवत नाही, असे अभ्यासात दिसून आले आहे. पायांच्या भेगांसाठी कोकणात कोकमाचे तेल वापरतात. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून, टिपून, ते किंवा व्हॅसलिन लावून वर मोजे घालावेत. टाचा फारच जाड झाल्या असतील तर युरिया असलेले मलम मिळते. मात्र उघड्या भेगेत ते चुरचुरते, आणि लहान मुलांना ते विचारल्याशिवाय लावू नये. व्हॅसलिनने माखलेले कपडे शेगडी व मेणबत्तीपासून दूर ठेवावेत, ते चटकन पेट घेतात. पाणी भरपूर प्यावे हे खरे, पण तांब्यावर तांब्या रिचवून पिंडरीवरची राख जात नाही.

मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरखरीत चट्टे उठतात, तेव्हा कॅल्शियम कमी पडले किंवा जंत झाले असे ठरवून औषधे दिली जातात. बहुतेक वेळा हे चट्टे कोरडेपणाचेच असतात, उन्हाने आजूबाजूची त्वचा रापली की अधिक दिसतात, आणि तेला-मलमाने काही महिन्यांत मावळतात. त्यांवर शेजारणीने सुचवलेले किंवा दुकानदाराने दिलेले 'खाजेचे मलम' कधीही लावू नये. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस जादू झाल्यासारखे वाटते, पुढे कातडी पातळ होते, नायटा असल्यास तो पसरतो आणि चेहरा लालबुंद होतो. रात्री घरातील सर्वांनाच खाज सुटत असेल तर तो कोरडेपणा नसून खरूज असण्याचा संभव अधिक. तेथे सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पायांच्या नसा मंदावल्या की घाम कमी येतो, टाच कोरडी पडून फुटते, आणि दुखत नसल्याने भेग खोल जाईपर्यंत कळत नाही. टाचेची कातडी ब्लेडने कापणारे वडीलधारे आपल्या पाहण्यात असतील; त्यांच्या हातून ते ब्लेड काढून घ्यावे. रोज रात्री घरातील कोणीतरी त्यांचे तळवे पाहावेत, तेल लावावे, मात्र बोटांच्या बेचक्यांत लावू नये. भेगेतून रक्त वा पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, सतत थकवा यांच्या जोडीने अंग कोरडे पडत असेल तर थायरॉइडची तपासणी करावी.

शेवटी अशा चट्ट्याविषयी, जो कोरडा असतो पण खाजत नाही. जानेवारीचा शेवटचा रविवार हा जागतिक कुष्ठरोग दिन. राऊल फॉलेरो या फ्रेंच कॅथलिक पत्रकाराने तो १९५४ मध्ये सुरू केला. भारतात तो ३० जानेवारीस पाळतात. सन २००५ अखेर आपल्या देशात या रोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आले, पण रोग संपलेला नाही. आसपासच्या त्वचेहून फिकट वा लालसर, घाम न येणारा, केस विरळ झालेला चट्टा तेल लावूनही तसाच राहिला, तर डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचा बोळा हलकेच टेकवावा. स्पर्श कळत नसेल, किंवा शंका जरी आली, तरी सरकारी आरोग्य केंद्रात अथवा 'घाटी'तील त्वचारोग विभागात दाखवावे. औषधे मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार ती सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. योग्य वेळी सुरू केल्यास हातापायांत व्यंग येत नाही.

या औषधांपैकी क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळवंडते व फार कोरडी पडते. हे पाहून काही रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात. कोर्स संपल्यावर हा रंग हळूहळू निवळतो. तोपर्यंत गोळ्या चालू ठेवाव्यात आणि हातपाय रोज पाण्यात भिजवून, ओले असतानाच तेल लावावे.