दीर्घिकांतील धूळ आणि 'धातू' ही संज्ञा

'धातू' हा शब्द व्याकरणात क्रियापदाचे मूळ, आयुर्वेदात शरीराचे घटक व रसायनशास्त्रात लोह-ताम्रादी द्रव्ये दर्शवितो. खगोलशास्त्रात मात्र हायड्रोजन व हेलियम वगळता सर्वच मूलद्रव्यांना धातू म्हणतात. कार्बन आणि ऑक्सिजनही त्यांत आले. हा अर्थ ध्यानी ठेवल्याविना दीर्घिकांतील धूळ व त्यांची रासायनिक जडणघडण यांचा संबंध उमगणे कठीण आहे.

हे धातू ताऱ्यांच्या पोटी निर्माण होतात, तारे लयास जाताना वायूत मिसळतात आणि त्यांपासून धूळ बनते. नवजात ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने ती तापते व अवरक्त किरण उत्सर्जित करते. तिचा एक घटक म्हणजे कार्बनच्या षट्कोनी वलयांचे रेणू. शहापूर-मुरबाड भागात भातपेरणीपूर्वी राब भाजतात. त्या धुरातही याच कुळातील रेणू असतात. दीर्घिकांच्या वर्णपटात ते ७.७, ११.३ इत्यादी मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यांवरून ओळखता येतात. ऑक्सिजनचे प्रमाण सूर्याच्या सुमारे चतुर्थांशाखाली गेले, की हे पट्टे झपाट्याने क्षीण होतात.

याचे एक उद्‌बोधक उदाहरण पाहू. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर जुन्नर तालुका लागतो. तेथील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. 'एसबीएस ०३३५-०५२' या जोडदीर्घिकेतील हायड्रोजनचे तिच्या साहाय्याने केलेले अध्ययन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या जोडीतील पूर्वेकडील दीर्घिकेत ऑक्सिजन सूर्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे. तेथे धूळ जवळजवळ नसावी, अशी अपेक्षा होती. परंतु युरोपीय अवरक्त अंतराळ दुर्बिणीची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली निरीक्षणे निराळेच सांगतात: दीर्घिका अवरक्तात तेजस्वी आहे, मात्र कार्बनी वलयांचे पट्टे दिसत नाहीत. तिचे तेज सुमारे २८ मायक्रॉनलाच शिखर गाठते, असे २००४ मध्ये स्पित्झर दुर्बिणीने दाखविले. अर्थात ही धूळ फार तप्त आहे. आणि तप्त धूळ अल्प असली तरी पुष्कळ प्रकाशते.

म्हणून तेजावरून धुळीचे प्रमाण थेट ठरविता येत नाही. वलयांच्या अभावाचीही दोन कारणे संभवतात: द्रव्यच अपुरे असणे, किंवा धुळीचा आडोसा विरळ असल्याने प्रखर किरणांनी रेणूंचा नाश होणे. एखादा शब्द उपलब्ध ग्रंथांत न आढळणे आणि तो भाषेत नसणे या भिन्न गोष्टी होत. येथेही तोच विवेक हवा. दूरस्थ, आद्य दीर्घिकांतील तारानिर्मितीचा वेग अनेकदा धुळीच्या तेजावरूनच अनुमानितात. ते अनुमान भरवशाचे व्हावयाचे, तर वायूचे मापन रेडिओलहरींनी, ऑक्सिजनचे दृश्य वर्णपटाने व धुळीच्या तापमानाचे अवरक्त किरणांनी करून ही तिन्ही एकत्र पडताळली पाहिजेत.