परसातले खुराडे : बांधणी आणि बंदोबस्त

२०२२ साली अमेरिकेत बर्ड फ्लूची साथ सुरू झाली, कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि २०२५च्या मार्चमध्ये अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात, चहाच्या रांगेत उभे असताना, कोणी ना कोणी मला गाठतेच. "तुमच्याकडे कोंबड्या आहेत ना? आम्हीही पाळाव्या म्हणतो. काय काय लागतं हो?" विचारणाऱ्यांनी जागा, खर्च आणि अंडी यांचा हिशेब केलेला असतो. रात्रीचा हिशेब मात्र सहसा कोणी केलेला नसतो. म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. अंडी स्वस्त पडतील या आशेने कोंबड्या पाळू नयेत. खुराड्याचा खर्च अंड्यांतून वसूल व्हायला वर्षे लागतात. आणि सुतारकामाला हात घालण्यापूर्वी आपल्या टाउनशिपचे नियम विचारून घ्यावेत. न्यू जर्सीत ते गावागणिक बदलतात. बऱ्याच ठिकाणी कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. त्याने काही बिघडत नाही. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते.

आता रात्रीकडे वळू. आपली कोंबडी ही मुळात रानकोंबडीची वंशज. रानात ती अंधार पडण्यापूर्वी झाडावर चढून बसते, कारण अंधारात तिला फारसे दिसत नाही. एकदा दांड्यावर बसली की सकाळपर्यंत ती जागची हलत नाही. कोणी उचलून नेले तरी फारसा प्रतिकार करत नाही. आपल्याकडे खेडोपाडी तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकतात किंवा खुराड्यात कोंडतात, ते मुंगूस आणि बोक्याच्या भीतीने. इथे भिडूंची संख्या जास्त आहे : रॅकून, कोल्हा, कायोटी, पॉसम, मुंगसासारखा सडपातळ वीझल, रात्री ग्रेट हॉर्न्ड घुबड, दिवसा रेड-टेल्ड आणि कूपर्स हे हॉक, आणि शेजाऱ्यांचा मोकळा सुटलेला कुत्रा. सबर्बमध्ये हे प्राणी येत नाहीत, हा गैरसमज आहे. आपल्या कचऱ्याच्या डब्यांवर रॅकून सुखाने जगतात.

इंजिनियरच्या दृष्टीने पाहिले तर या प्रत्येकाची आत शिरण्याची पद्धत निराळी आहे, आणि खुराड्याची ताकद त्याच्या सर्वांत कच्च्या जागेइतकीच असते. तेव्हा एकेक वाट पाहू.

पहिली वाट जाळीची. दुकानात 'चिकन वायर' नावाची षट्कोनी भोकांची पातळ जाळी मिळते. नावावर जाऊ नये. ती कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. रॅकून ती फाडतो, आणि फाडता आली नाही तरी भोकातून हात घालून हाताला लागेल तो भाग ओढतो. घ्यायचे ते 'हार्डवेअर क्लॉथ'. नावात कापड असले तरी ती वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी असते. भोक अर्ध्या इंचाचे हवे, कारण वीझल एक इंचाच्या फटीतून सहज आत येतो. जाळी नुसत्या स्टेपलच्या पिनांनी ठोकू नये. जोर लावला की पिना उपसतात. स्क्रू आणि वॉशर लावावेत.

दुसरी वाट जमिनीखालची. कोल्हा, कायोटी आणि कुत्रा उकरतात. पण उकरायला सुरुवात करतात ती नेमकी भिंतीच्या बुडाशी. म्हणून भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंदीची जाळी जमिनीवर सपाट पसरून खुंट्यांनी ठोकावी. वर गवत उगवले की ती दिसतही नाही. उकरणाऱ्याच्या पंज्याला जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. खोल चर खणण्यापेक्षा हे काम एका शनिवारात होते.

तिसरी वाट दाराची. रॅकूनचे पुढचे पंजे जवळजवळ हातासारखे चालतात. साधी कडी, हूक, फिरवायची खिटी हे सारे तो उघडतो. कडीत गिर्यारोहक वापरतात तसला कॅराबिनर अडकवावा. अंडी काढायच्या झाकणालाही तेवढाच बंदोबस्त हवा. ते हमखास विसरले जाते.

चौथी वाट आकाशाची. दिवसा फिरायच्या बंदिस्त जागेला वरूनही जाळी किंवा छप्पर घालावे. छप्पर असले तर रानपक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडत नाही, आणि बर्ड फ्लूच्या दिवसांत हा फायदा लहान नाही.

मापे सोपी आहेत. खुराड्यात दर कोंबडीमागे चार चौरस फूट, बाहेर दहा. पाच कोंबड्यांना आत वीस, बाहेर पन्नास. बसायच्या दांड्यावर प्रत्येकीला दहा इंच. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदी-उंचीची दोन खोकी पुरतात, मात्र दांडा खोक्यांपेक्षा उंच हवा. नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. छताखाली हवेला झरोके ठेवावेत, अर्थात जाळी लावूनच. थंडीच्या भीतीने सगळे गच्च बंद केले तर दमट हवा आणि विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, आणि ओलसर थंडीत तुरा हिमदंशाने काळा पडतो. कोरडी कोंबडी थंडी चांगली सोसते. गरम दिव्याच्या भानगडीत पडू नये. त्याने आग लागते.

आता माझ्या धंद्यातला विषय : आपोआप बंद होणारे दार. जूनमध्ये इथे साडेआठला सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये साडेचारला. ठरलेल्या वेळेचे घड्याळ त्यामुळे कामाचे नाही; उजेड ओळखणारे दार घ्यावे. पण दाराला बंद व्हायचे कळते, मोजायचे कळत नाही. एखादी बाहेर राहिली तर दार तिला बाहेर ठेवूनच इमानाने बंद होते. म्हणून अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन डोकी मोजणे हे माणसाचेच काम. आमच्याकडे ते मुलांकडे आहे. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडा जुळवायचा, असा नियम आहे.

इतके करूनही घात झालाच, तर खुणा वाचाव्यात. कोंबडी अजिबात नाहीशी झाली असेल तर बहुधा कोल्हा किंवा कायोटी. पिसांचा ढीग पडला असेल तर हॉक. जाळीशेजारी मुंडके तुटलेली सापडली तर रॅकून. मानेवर बारीक चावे आणि एकाच वेळी अनेक मेलेल्या असतील तर वीझल. खूण कळली की कुठली वाट उघडी होती ते कळते.

संतापाने सूड घेण्याच्या मागे लागू नये. हॉक आणि घुबडांना १९१८च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे. रॅकूनला रेबीज असू शकतो, त्याला हात लावू नये. एक मारला तरी मोकळ्या जागी दुसरा येतोच. तो भुकेने येतो. कोंबड्यांना त्याच्या परिसरात आणून उडता-पळता न येईल असे आपणच कोंडले आहे, तेव्हा बंदोबस्ताची जबाबदारीही आपलीच.

म्हणून खुराड्याचे नकाशे काढण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर घरात बसून ठरवावे. आपण डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जातो, तेव्हा रोज संध्याकाळी साडेचारला डोकी कोण मोजणार? ज्याच्या भरवशावर घराची किल्ली ठेवाल असा शेजारी असेल, तर खुशाल पाळा. अंडी त्याला द्यायचीच आहेत.