विश्लेषण : बाळाची जीभ ‘चिकटलेली’, आईच्या छातीत गाठी… आधी उपाय कशावर?

बाळ दोन आठवड्यांचे. तासभर छातीशी असते, तरी खाली ठेवले की पुन्हा रडते. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. बाळाने तोंड लावले की तिच्या डोळ्यांत पाणी येते. त्यातच एका बाजूला दगडासारखी गाठ लागते. घरातले कोणी म्हणते, दूध साकळले, शेक द्या आणि चोळून मोडा. कोणी बाळाच्या तोंडात डोकावून सांगते, जीभ चिकटली आहे, कापून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात अनेक घरांत दिसणारे हे चित्र. या दोन तक्रारी अनेकदा एकाच साखळीतल्या असतात. मात्र दोन्हींबाबतचा वैद्यकीय सल्ला गेल्या काही वर्षांत बदलला आहे. गाठ चोळून मोडायची नसते आणि जीभ केवळ ‘चिकटलेली दिसते’ म्हणून कापायची नसते.

‘टंग-टाय’ म्हणजे काय?

प्रत्येकाच्या जिभेखाली, तोंडाच्या तळाशी जोडणारा एक पातळ पडदा असतो. काही बाळांत तो जन्मतः आखूड, जाड किंवा जिभेच्या अगदी टोकाशी जोडलेला असतो. त्यामुळे जीभ पुढे येत नाही, वर उचलली जात नाही. यालाच टंग-टाय, वैद्यकीय भाषेत अँकिलोग्लॉसिया म्हणतात. काही बाळांची जीभ रडताना टोकाशी बदामाच्या आकारासारखी खाचलेली दिसते. मात्र पडदा दिसणे वेगळे आणि त्यामुळे अडचण होणे वेगळे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, टंग-टायची लक्षणे असलेल्या निम्म्याहून कमी बाळांना दूध पिताना अडचण येते. म्हणजे उरलेल्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते.

बाळ दूध नेमके कसे पिते?

बाळ स्तनाग्र चोखते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याला स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळसर भागही तोंडात घ्यावा लागतो. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येऊन स्तनाला खालून आधार देते. मग ती खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध येते. जीभ बांधलेली असेल तर पकड उथळ राहते. बाळ हिरड्यांनी स्तनाग्र दाबते, मधूनमधून पकड सुटते, टकटक आवाज येतो. पाजून झाल्यावर स्तनाग्र चपटे किंवा एका बाजूने तिरके दिसते. आईला वेदना होतात आणि बाळाच्या पोटात दूध मात्र कमी जाते.

पण उथळ पकडीमागे इतरही कारणे असतात. पाजताना बाळाला धरण्याची चुकीची पद्धत, दुधाने ताठरलेले स्तन, दिवस पूर्ण होण्याआधी झालेला जन्म, फार लवकर सुरू केलेली बाटली, बाळाची मान एका बाजूला आखडलेली असणे यापैकी काहीही असू शकते. म्हणूनच जिभेवर निदान ठोकण्याआधी बाळ दूध पीत असताना पाहणे महत्त्वाचे ठरते.

आईच्या गाठींशी याचा संबंध काय?

दूध जितके बाहेर पडते, त्या प्रमाणात नवे तयार होते. पकड नीट नसेल तर दूध पुरेसे बाहेर पडत नाही, स्तन ताठरतात, आतील भागाला सूज येते. असे दिवसच्या दिवस चालले तर दूध कमी होऊ लागते. दुसरीकडे, बाळाचे पोट भरत नाही म्हणून आई प्रत्येक वेळी पाजल्यावर ब्रेस्ट पंप लावते, ‘छाती पूर्ण रिकामी’ करण्याचा प्रयत्न करते. शरीर त्याचा अर्थ मागणी वाढली असा घेते आणि गरजेपेक्षा जास्त दूध तयार करते. त्याने सूज आणखी वाढते. दोन्ही वाटा अखेर गाठीकडेच जातात.

गाठ म्हणजे नळीत अडकलेला दुधाचा गोळा नव्हे?

आजवर समजूत तशीच होती. दूध नळीत गोठून बसले आहे, ते दाबून बाहेर काढायचे. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली. त्यानुसार, स्तनातील दुग्धनलिका असंख्य आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. गाठ लागते ती प्रामुख्याने भोवतालच्या ऊतींना सूज येऊन नलिका दबल्यामुळे. म्हणजे ही तुंबलेल्या मोरीसारखी नव्हे, तर मुरगळलेल्या घोट्यासारखी गोष्ट आहे. सुजलेला घोटा कोणी रगडत नाही. सूज वाढत गेली तर आधी स्तनदाह, मग जंतुसंसर्ग आणि काही जणींमध्ये पू होऊन गळू, अशा या एकाच आजाराच्या चढत्या पायऱ्या आहेत.

मग मालिश, शेक यांचे काय?

आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावणे आणि शेक देणे ही घरोघरची रीत. अंगाला हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. मात्र गाठ ‘मोडण्यासाठी’ जोरात चोळणे, मुठीने दाबणे, कंगवा फिरवणे किंवा कंप देणारे यंत्र लावणे यामुळे नाजूक ऊतींना इजा होते आणि सूज वाढते. गरम शेकाने काही जणींना तेवढ्यापुरते बरे वाटते, पण सूज वाढूही शकते.

नव्या सल्ल्यानुसार काय करावे?

● बाळाला भूक लागेल तेव्हा नेहमीसारखे दोन्ही बाजूंना पाजावे. गाठीची बाजू ‘रिकामी’ करण्यासाठी जास्तीचे पाजू नये, पंपही करू नये. छाती फारच ताठरली तर हाताने थोडेसे, बरे वाटण्यापुरतेच दूध काढावे.

● बर्फ किंवा गार पट्टी पातळ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे, दिवसातून अनेक वेळा ठेवावी.

● पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही वेदना कमी करणारी औषधे स्तनपान सुरू असतानाही सहसा चालतात. आम्लपित्त, दमा, मूत्रपिंडाचा त्रास वा इतर आजार असल्यास आणि मात्रा ठरवताना डॉक्टरांना विचारावे.

● सूज उतरवण्यासाठी फक्त त्वचा हलेल इतक्या हलक्या हाताने, काखेच्या दिशेने बोटे फिरवावीत. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो, तितकाच दाब.

● घट्ट ब्रा टाळावी. आधार देणारी, न आवळणारी वापरावी.

गाठ आली म्हणून पाजणे एकदम थांबवू नये, त्याने त्रास वाढतो. स्तनदाह असतानाही आईचे दूध बाळाला सुरक्षित असते.

जीभ मोकळी करण्याची गरज कधी?

बाळाला धरण्याची पद्धत सुधारली, समुपदेशकाने दोन-चारदा प्रत्यक्ष मदत केली, तरी आईच्या वेदना कमी होत नाहीत किंवा बाळाचे वजन वाढत नाही आणि तपासणीत जीभ खरोखर अडकलेली दिसते, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिला फ्रेनोटॉमी म्हणतात. लहान बाळात डॉक्टर जीभ वर उचलून तो पडदा कात्रीने कापतात. काम काही सेकंदांचे. रक्ताचे काही थेंब येतात आणि बाळाला लगेच छातीशी दिले जाते.

संशोधन या शस्त्रक्रियेबद्दल सावध आहे. कॉक्रेनच्या २०१७ मधील आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळांची माहिती होती. शस्त्रक्रियेनंतर आईच्या स्तनाग्राच्या वेदना काही काळ कमी झाल्या. पण स्तनपान सुधारल्याचे सर्व चाचण्यांत सारखे दिसले नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत १६९ बाळे घेतली गेली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत आईचे दूध मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास सारखे होते. मात्र शस्त्रक्रिया न करण्याच्या गटातील बहुतेक बाळांचीही ती पुढे झाली, त्यामुळे ठाम निष्कर्ष निघाला नाही. थोडक्यात, योग्य बाळासाठी ही शस्त्रक्रिया आईच्या वेदना कमी करू शकते, पण तिने सगळेच प्रश्न सुटतील याची हमी नाही.

शस्त्रक्रियेआधी कोणते प्रश्न विचारावेत?

बाळ दूध पीत असताना कोणी पाहिले आहे का? हा पहिला प्रश्न. केवळ छायाचित्र पाहून किंवा तोंडात बोट घालून घेतलेला निर्णय अपुरा असतो. जन्मानंतर बाळाला ‘व्हिटॅमिन के’चे इंजेक्शन दिले आहे का आणि घराण्यात रक्तस्रावाचा आजार आहे का, हे डॉक्टरांना सांगावे. धोके कमी असले तरी आहेत. रक्तस्राव, संसर्ग, लाळेच्या नळीला इजा, दुखल्यामुळे बाळाने काही काळ स्तन नाकारणे हे होऊ शकते. लेझर हे साध्या कात्रीपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम ताणण्याचे व्यायाम काही ठिकाणी सांगितले जातात. त्यांच्या उपयोगाचाही भक्कम पुरावा नाही.

‘आता कापले नाही तर मूल बोबडे बोलेल’ ही भीती घरोघर ऐकू येते. भविष्यातील बोलण्याच्या काळजीपोटी तान्ह्या बाळाची जीभ कापू नये, असे अमेरिकी अकॅडमीचा अहवाल सांगतो.

बाळाचे पोट भरते की नाही, कसे ओळखावे?

रडणे हे एकमेव माप नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते. १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवे. त्यानंतर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा वेळा लघवी, पिवळी शी आणि २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे ही दूध पुरत असल्याची लक्षणे. वजन वाढत नसेल तर कारण शोधत बसताना बाळाला उपाशी ठेवू नये. आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येते. मध, घुट्टी, साखरेचे पाणी देऊ नये.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

आईला थंडी वाजून ताप, स्तनावर पसरत जाणारी लाली, वाढत्या वेदना असतील आणि २४ तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके लागतात. गाठ मऊ होऊन आत पाणी असल्यासारखी लागत असेल तर गळवाची शंका येते. तेथील पू सुईने किंवा नळीने काढावा लागतो. गाठ उतरतच नसेल किंवा पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावेत.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१), देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळते. जन्मानंतर तासाभरात पाजल्या जाणाऱ्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के आहे. रुग्णालयातून लवकर घरी आल्यावर अडचण सुरू होते आणि तेव्हा जवळ जाणकार कोणी नसते. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ग्रामीण भागात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या भेटीत बाळाला तिच्यासमोर पाजून दाखवावे, वजनाची नोंद करून घ्यावी. शहरांत प्रसूतिगृहातील परिचारिका, बालरोगतज्ज्ञ किंवा स्तनपान समुपदेशक यांच्यापैकी कोणालाही ‘पाजताना बघा’ असे आवर्जून सांगावे.

पहिल्या काही दिवसांत तोंड लावताना थोडे दुखणे अनेकींना होते. मात्र चिरा पडणे, रक्त येणे, पाजण्याच्या वेळेची धास्ती वाटणे हे ‘होतेच, सहन कर’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. पकड चुकते आहे, याची ती पहिली खूण असते. ती वेळीच पाहिली गेली तर बरीच बाळे शस्त्रक्रियेविना नीट पिऊ लागतात आणि अनेक गाठी येण्याआधीच टळतात.