लेसरची रेघ खरेच सरळ असते का?

मे महिन्यातल्या दुपारी भोपाळच्या व्हीआयपी रोडवर, मोठ्या तलावाच्या काठाने नजर लांबवर टाकली, की समोरची वाहने थरथरताना दिसतात. तापलेली आणि कमी तापलेली हवा एकमेकींत घुसळते. तिचा प्रत्येक झोत प्रकाशाला किंचित वाकवतो.

लेसरही यातून सुटत नाही. त्याची रेघ कितीही लांब गेली तरी बारीक आणि सरळच राहते, हा समज म्हणूनच अपुरा. लांबवर ती भटकते, पसरते, ठिपक्यांत फुटते.

फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) लांबीच्या लेसर-स्पंदांची तऱ्हाच वेगळी. शक्ती काही अब्ज वॉटपुढे गेली, की हे स्पंद हवेलाच भिंग बनवतात आणि स्वतःला एकवटतात. फारच एकवटले तर हवेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि तयार झालेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) प्रकाशाला पुन्हा फाकवतो. या ओढाताणीतून जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा तंतू टिकून राहतो. त्याची खरी शिदोरी भोवतीच्या मंद प्रकाशात असते, म्हणून पाण्याचा थेंब आड आला तरी तो पुन्हा सांधतो. खळबळत्या हवेत मात्र तो कुठे सुरू होईल, याचा नेम नसतो.

२०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंटिस शिखरावर याच तत्त्वावरच्या, पण थोड्या लांब स्पंदांच्या लेसरने कडाडणाऱ्या विजेला सुमारे ५० मीटर आपल्या वाटेने नेले.